खोली नंबर सातमधली एकतीस मुलं

...मोज ना मग. मोजायलाच पाठवलंय ना तुला? ही पुढची खोली, हा पडदा, पडद्यामागे ओटा आणि मोरी — झालं घर. दहा बाय बारा. इथे एकतीस मुलं राहतात — मी नाही म्हणत, तुझ्याच कागदावर आहे. खोली नंबर सात, मोहने, पिठाच्या गिरणीमागची चाळ. एकतीस. उभी केली तरी मावायची नाहीत. बस, बस, खुर्चीवर बस, आत्ताच पुसलीय. संदेश ना नाव? गळ्यातल्या कार्डावर वाचलं. अरेतुरे केलेलं चालेल ना — बत्तीस वर्षं पालिकेच्या शाळेत गेली, समोर कोणी कागद-पेन घेऊन बसलं की तोंडातून 'तू'च येतं. कंत्राटी आहेस? वाटलंच. असली कामं कंत्राटी पोरांच्याच गळ्यात मारतात. चहा ठेवते. नको कसा, शहाडवरून चालत आलायस ह्या उन्हात, रिक्षाचे पैसे काय ऑफिस देणारे का तुला? आणि तो एक कागद वेगळा का ठेवलायस, पॅडच्या खाली? असू दे, असू दे. तुझं तुझ्या पद्धतीने चालू दे.

हं, पत्ते. खोटे पत्ते म्हणतोस — हा शब्द तुझा की साहेबाचा? साहेबाचा असणार. आता कसं असतं, तुला सांगते. मूल येतं शाळेत. आई हात धरून घेऊन येते, बिल्डिंगच्या कामावर असते नाहीतर स्टेशनबाहेर काहीतरी विकत असते. कायदा म्हणतो, कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही. बरोबर आहे कायदा. पण फॉर्मवर पत्त्याचा रकाना असतो, आणि तो रकाना कायदा वाचत नाही. पूर्वी निदान काहीबाही लिहून चालायचं — पुलाखाली, शहाड. आता संगणकात तो रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढेच सरकत नाही. पुलाखाली लिहिलं तर पिनकोड मागतो, घर नंबर मागतो. मग काय करायचं — आईला सांगायचं, बाई, आधी घर घे आणि मग मुलीला बाराखडी शिकव? मी माझं लिहिलं. खोली नंबर सात. वर माझ्या लाईट बिलाची झेरॉक्स, आणि खाली माझ्या हाताने — सदर विद्यार्थी माझ्याकडे राहतो. झेरॉक्सवाला हसायचा, म्हणायचा, बाई, तुमचं लाईट बिल म्हणजे रेशन दुकानच झालंय. हसायचे मीही. तेव्हा हसायला काय जात होतं.

पहिलं मूल कोण, माहितीय तुला? नाही माहीत. तुला ह्या कामावर पाठवलं त्या कागदावर सही कोणाची आहे? वाच. वाच ना मोठ्याने. सुदेश साहेब. बघ तो 'श' — शेवटची रेघ कशी खाली ओढून सोडलीय. ते वळण मी घडवलंय, संदेश. चौथीत आला तो माझ्याकडे. विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर, भिंतीला लावलेली ताडपत्री, त्यात आई आणि हा. आई कचऱ्यातला पुठ्ठा वेचायची. पोरगा हुशार, आणि अक्षर तर असं, की फळ्यावर सुविचार लिहायला मी त्यालाच उभा करायची. त्याच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर — तिथे काहीबाही चालायचं नाही — मी पहिल्यांदा लिहिलं, खोली नंबर सात. दोनदा खोडलं होतं मी, खरं सांगते, सरकारी कागदावर खोटं पहिल्यांदाच लिहीत होते. मिस्टर म्हणाले, माया, नोकरी घालवशील. नाही गेली. कोणी बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी खोडलं नाही.

आणि हा राहिलाय इथे. होय, ह्याच खोलीत. आई त्याची हॉस्पिटलात होती पाच महिने, तेव्हा. तू बसलायस ना, तिथे वळकटी असायची त्याची. विनीत — माझा मुलगा, आता बदलापूरला असतो — विनीत आणि तो एका ताटात जेवायचे, चपातीच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडायचे. आई गेली त्याची, ती बातमी मी सांगितलीय त्याला, ह्या उंबऱ्यावर बसून. मग हॉस्टेल मिळालं, कॉलेज झालं, परीक्षा दिल्या, पालिकेत लागला. लागला तेव्हा पोलीस आलेला चौकशीला, तुझ्यासारखाच कागद घेऊन. उमेदवार ह्या पत्त्यावर राहत होता का. मी म्हटलं, होय. किती वर्षं? म्हटलं, लहानपणापासून. पाच महिन्यांची बारा वर्षं केली मी त्याच्यासाठी, आणि वर पोलिसाला लाडू दिला. पेढे घेऊन आलेला पहिल्या पगाराला. पाया पडला. म्हणाला, बाई, माझा पत्ता तुम्ही आहात. — असं बोलला होता तो. तू लिहून घेऊ नकोस हे, तुझ्या फॉर्मवर त्याला जागा नाही.

साखर किती? बरं.

मग मी रिटायर झाले. आणि घरी बसून काय करणार, तर जी मुलं कागदावर माझ्याकडे राहतात ती खरी कुठे झोपतात ते बघायला जायला लागले. शाळेत असताना नाही गेले, ते आता. ही वही बघ, लांब वही. कोण शहाडच्या पुलाखाली, कोण बिल्डिंगच्या साईटवर — ती बिल्डिंग पुरी झाली की दुसऱ्या साईटवर, शाळा तीच, चालायचं अंतर रोज वेगळं. एका घरातली तिघं भावंडं तर चांगली चाळीत राहणारी, चाळ धोकादायक म्हणून एका दिवसात रिकामी केली आणि मग पुढचं कोणी सांगितलंच नाही, भाड्याला अनामत कुठून आणणार, तर देवळाच्या ओट्यावर. गणवेश धुवायला पाणी नाही म्हणून सोमवारी शाळेत न येणारी मुलं आहेत ह्यात. सोमवारी दांडी म्हणून मी मारलंय त्यातल्या काहींना, पट्टीने. मला काय माहीत. माहीत करून घेतलंच नव्हतं मी.

तर निवेदन दिलं. काय फार मागितलं? आमच्या शाळेचा वरचा मजला बंद आहे, पट कमी झाला म्हणून. चार वर्ग आहेत, पंखे आहेत, नळ आहे. तिथे ह्या मुलांची राहायची सोय करा. एक बाई ठेवा लक्ष द्यायला, संध्याकाळचं जेवण, अंघोळीला पाणी, अभ्यासाला टेबल. बजेटच्या पुस्तकात एक ओळ — बेघर विद्यार्थी निवास. एवढी एक ओळ. सव्वा वर्ष मी त्या एका ओळीच्या मागे फिरतेय. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. आयांना घेऊन गेले, तर वॉचमन म्हणाला, इतक्या जणींना आत सोडता येणार नाही. एकजण म्हणे, हे आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याकडे जा, ठाण्याला. ठाण्याला गेले तर म्हणे, मुलं पालिकेच्या हद्दीतली, पालिकेकडे जा. आणि मग कळलं, शिक्षण विभागात बजेटच्या टेबलावर कोण बसतो — सुदेश. मला रडूच आलं जिन्यात. म्हटलं, झालं आपलं काम. ज्याला पत्त्याची किंमत माहीत आहे असा एक तरी माणूस ह्या इमारतीत आहे.

खुर्ची ओढली त्याने माझ्यासाठी. चहा मागवला. म्हणाला, बाई, भाषणं नकोत, मला आकडा द्या. आकड्याशिवाय तरतूद होत नाही. नावं द्या, शाळा द्या, यादी माझ्याकडे द्या, पुढचं मी बघतो. दिली मी यादी. ह्या वहीतून उतरवून, एकेक नाव, माझ्या हाताने. दुसऱ्या कोणाला दिली नसती, संदेश. आयांना शब्द दिलेला मी, की नावं बाहेर जाणार नाहीत — त्यांना भीती असते, मुलं उचलून नेतील, कुठल्यातरी होममध्ये टाकतील. मी म्हटलं, घाबरू नका गं, तो आपलाच आहे.

आणि त्याने काय केलं? यादी घेतली आणि संगणकाशी ताडून बघितली. बस. नोट पाठ आहे मला. 'सदर एकतीस विद्यार्थ्यांचे निवासी पत्ते अभिलेखावर उपलब्ध असल्याने ते बेघर असल्याचे दिसून येत नाही. सबब स्वतंत्र तरतुदीची आवश्यकता नाही. तथापि सर्व पत्ते एकाच खोलीचे असल्याने पडताळणी करण्यात यावी.' पडताळणी म्हणजे तू. त्याला पडताळायला लागतंय. तो इथे झोपलाय, त्याला माहीत आहे ह्या खोलीत किती माणसं मावतात.

फोन केला मी. उचलला, हो, उचलला — उद्धट नाही तो, उद्धट असता तर बरं झालं असतं. म्हटलं, सुदेश, हे काय केलंस? तर शांतपणे म्हणतो, बाई, रेकॉर्डवर जे आहे तेच मी लिहिलं. गेल्या वीस वर्षांचे अहवाल काढले, तुमच्या शाळेचे. बेघर विद्यार्थी — दरवर्षी निरंक. मी आता एकतीस कुठून आणू? ऑडिट मला विचारेल. आणि मग म्हणाला, बाई, निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

...चहा घे. साय येतेय त्यावर.

निरंक म्हणजे — तुला माहीत असेल, ऑफिसातलाच तू. काही नाही. शून्य लिहायचं नाही, शून्याआधी आकडा जोडता येतो, म्हणून निरंक. दरवर्षी तक्ता यायचा वरून. शाळाबाह्य किती, स्थलांतरित किती, बेघर किती. एका वर्षी माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी खरं लिहिलं — आठ. तर काय झालं, चौकशी आली, मुलं होममध्ये न्यायला गाडी आली, आठातल्या सहा मुलांच्या आया मुलं घेऊन रातोरात निघून गेल्या, पुन्हा दिसल्या नाहीत. त्यानंतर ठरलंच होतं आमचं, सगळ्याच शाळांचं, कोणी बोलून नाही ठरवलं. निरंक. मला वाटायचं मी मुलांना लपवतेय. सांभाळतेय. तुझ्या डोक्यावर छप्पर नाही, तर निदान कागदावर घे माझं. वाईट होतं का ते? सांग ना. नाही, तू कसा सांगशील, तुला फक्त होय की नाही एवढंच विचारायला पाठवलंय.

आणि तो तक्ता भरायचा कोण? मधल्या सुट्टीत, ऑफिसात, माझ्या टेबलाजवळ उभा राहून? अक्षर चांगलं ना त्याचं. मी सांगायचे, तो लिहायचा. बेघर विद्यार्थी संख्या — लिही, निरंक. सातवीत होता. स्टेशनबाहेरच्या ताडपत्रीतून उठून आलेला असायचा आणि स्वतःच्या हाताने लिहायचा, निरंक. एकदा विचारलं त्याने. बाई, मग मी? म्हटलं, तू कुठे बेघर, तू खोली नंबर सात. हसला होता. मला वाटलं, आनंदाने हसला.

सोड. जुनं झालं ते. पण म्हणून त्याने हे करावं? मी चुकले असेन, मी पत्ते लिहिले, मी निरंक लिहिलं — पण मी ते मुलं आत राहावीत म्हणून केलं, आणि ह्याने तेच कागद उलटे फिरवून मुलांना बाहेर काढलं. त्याला एक ओळ लिहायची होती. नोकरी जाणार नव्हती त्याची. फार तर वरच्या साहेबाने एक प्रश्न विचारला असता. तेवढाही नको झाला त्याला. परका कोणी असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. हे माझ्या घरात जेवलेल्याने केलंय आणि मला शिवीसुद्धा देता येत नाही, कारण ती दिली की विनीतला दिल्यासारखी वाटते.

बरं, तुझा फॉर्म. दाखव. 'विद्यार्थी वरील पत्त्यावर राहतो/राहते — होय / नाही.' छान. होय म्हटलं तर मुलांना घर आहे, फाईल बंद, वरच्या मजल्याला कुलूप तसंच. नाही म्हटलं तर पत्ता खोटा, खोटा पत्ता दिला कोणी तर तांबे बाईंनी, आणि आधार कार्डापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं अडकणार. हुशार आहे तो. माझाच विद्यार्थी.

काय? नाही, त्याच्याशिवाय इथे कोणी राहिलं नाही. एकतीसपैकी? कोणी नाही. जागा कुठेय, बघतोयस ना. — पायल? पायलचं काय विचारतोस? एकतीस नावं आहेत, तिचंच का? दहावीला आहे ती, ह्या महिन्यात परीक्षा तिची, तिला कशाला मध्ये आणतोस? इथे नाही राहत ती. विठ्ठलवाडीला लग्नाचा हॉल आहे, त्याच्या मागे मोठी भांडी ठेवतात तिथे पत्र्याखाली असतात ती आणि तिची आई. आई भांडी घासते हॉलची, म्हणून राहू देतात. फक्त लग्न असेल त्या दिवशी उठायचं, कारण तिथे आचारी चुली मांडतात. त्या पोरीला लग्नाच्या तिथी पाठ आहेत, संदेश. जानेवारीतल्या, फेब्रुवारीतल्या, सगळ्या. वेळापत्रकात तिने आपल्या पेपरांसमोर तिथी लिहून ठेवल्यात लाल पेनाने.

आली होती. एकदा आली होती इथे. गेल्या महिन्यात, पूर्वपरीक्षा चालू होती, दुसऱ्या दिवशी गणित. संध्याकाळची वेळ, मी दिवाबत्ती करत होते. दारात उभी, दप्तर पोटाशी धरून. म्हणाली, बाई, आज लग्न आहे. आणि मग आधार कार्ड काढलं दप्तरातून. पुढे केलं माझ्या. म्हणाली, बाई, ह्याच्यावर इथलंच आहे ना. — भांडायला नाही रे. विचारायला. खरंच विचारत होती ती.

मी म्हटलं, बस, चहा घे. घेतला तिने. बिस्किट दिलं. आणि — एकटी असते मी. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. विनीत महिन्यातून एकदा येतो. जागा नव्हती असं नाही म्हणता येणार, तू बसलायस तिथे वळकटी मावते, मावायची. पण मनात आलं, एकीला हो म्हटलं तर उरलेली तीस कोणत्या तोंडाने परत पाठवू? आज पायल, उद्या ती तिघं भावंडं — सगळ्यांच्या कार्डावर इथलंच आहे. म्हटलं, पायल, आज नको, बाळा, विनीत यायचाय. विनीत नव्हता यायचा. ती म्हणाली, बरं बाई. कप विसळून ठेवला मोरीत. कार्ड परत दप्तरात ठेवलं, चेन लावली, गेली. कुठे बसून गणित केलं तिने, मी विचारलं नाही. अजून नाही विचारलं. हे पहिल्यांदाच कोणाला सांगतेय आणि सांगतेय ते तुला, जो उद्या टाईप करून साहेबासमोर ठेवणार.

असा काय बघतोस? काय आहे त्या वेगळ्या कागदावर? तिचा आहे? शाळेत जाऊन जबाब घेतलास? परीक्षेच्या तोंडावर पोरीला ऑफिसात बोलावून — कोणी सांगितलं तुला? काय विचारलंस? बाईंनी खोटा पत्ता दिला तर बाईंवर कारवाई होईल, असं सांगितलंस तिला? आधी सांगितलंस? दे इकडे. चष्मा — ओट्यावर आहे, दे तो.

'मी पायल... खोली नंबर सात, मोहने, येथे तांबे बाईंकडे राहते. दारात निळा पिंप आहे. आत गेल्यावर उजव्या हाताला काचेच्या कपाटात बुद्धाची मूर्ती आहे, तिच्या बाजूला सरांचा फोटो, हार घातलेला. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. बाई चहात गवती चहा घालतात. मोरीतला नळ घट्ट आहे, दोन्ही हातांनी बंद करावा लागतो. बाईंनी खोटं लिहिलेलं नाही. बाई मला नीट ठेवतात.'

...

दहा मिनिटं बसली असेल रे ती. दहा मिनिटांत नळसुद्धा बघितला.

नाही. पेन नको तुझं, माझं आहे. आण ते फॉर्म, सगळे आण. नाही. नाही. नाही. — एकतीस वेळा लिहायला किती वेळ लागतो, बस तेवढा. खाली लिहिते, वाचून घे — पत्ता मुलांनी दिलेला नाही, मी लिहिला, सर्व दोष माझा, मुलं बेघर आहेत, वीस वर्षांचे निरंक अहवाल खोटे आहेत, ते मी पाठवले. माया तांबे, सेवानिवृत्त. हा पायलचा जबाबही घे. ती खोटं बोललीय, माझ्यासाठी बोललीय, तेही लिहिलंय बघ. आणि इथे तारीख टाकली आहे — 'आजच्या तारखेस राहत नाही.' आजच्या. अधोरेखित केलंय, साहेबाला दाखव.

आणि त्याला सांग, यादीत पहिल्याच मुलाचं नाव राहिलं होतं, बाईंनी वर लिहिलंय. नंबर एकच्या वर. बघेल तो, अक्षर ओळखेल.

ऊठ आता. चहा राहू दे, निवला तो. शाळा सुटायच्या आत मला विठ्ठलवाडीला पोहोचायचंय, आज तारीख काय — आज लग्नाची तिथी आहे. जा तू. कडी नको लावूस, मी निघतेच आहे.